घरी केलेल्या साथीच्या ट्रॅकचा आवाज समूहगानाच्या तालमीसाठी कसा जुळवावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या समूहगानाच्या गटात तीसेक माणसं गातात. तालीम आठवड्यातून दोनदा, सोसायटीच्या हॉलमध्ये. पेटीवाले आणि तबलजी प्रत्येक तालमीला येऊ शकत नाहीत, त्यामुळे साथ मी घरीच रेकॉर्ड करून नेते. हे काम आता बरीच वर्षं करते आहे. गणपती जवळ आले की इतर मंडळांतल्या मैत्रिणी आवाजाच्या पातळीबद्दल विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण आमच्यासारखे बरेच जण तेच वापरतात.

तालमीत ट्रॅकचा आवाज नेमका किती असावा?

सगळे मिळून गात असताना शेवटच्या रांगेतल्या माणसाला सा आणि सम (तालाची पहिली मात्रा) ऐकू यावी, एवढाच. याहून मोठा आवाज तालमीचं नुकसान करतो, असं माझं ठाम मत आहे.

हे कानानेच ठरवता येतं. सगळ्यांना धृवपद नेहमीच्या जोरात गायला सांगा. मागच्या रांगेतल्या दोघांना सम ऐकू येईल तेव्हा बोट वर करायला सांगा. आवाज हळूहळू कमी करत जा. बोटं वर यायची थांबली की एक घर वाढवा आणि ती खूण स्पीकरवर खडूने करून ठेवा. हॉलमधले पंखे तालमीच्या वेळी जसे चालू असतात तसेच या वेळीही चालू हवेत, नाहीतर हिशेब चुकतो.

मोठ्या ट्रॅकचा तोटा दुहेरी आहे. भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एतिएन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. ट्रॅक मोठा लावला की गट ओरडून गाऊ लागतो, शब्दांचं वजन जातं आणि पाऊण तासात गळे बसतात. दुसरं म्हणजे सूर कुणाचा चुकतोय हे ऐकूच येत नाही. सुरुवातीच्या वर्षी मी हीच चूक केली. तालमीत सगळं गोड वाटत होतं. मग एका संध्याकाळी हॉलची वीज गेली, गाणं तसंच चालू राहिलं आणि दोन ओळींत सगळा गट जवळजवळ अर्ध्या सुराने उतरला. इतके दिवस पेटी आमची चूक झाकत होती.

घरी ऐकताना साथ छान वाटते, मग तालमीत पेटी नाहीशी का होते?

घरी तुम्ही ती एकट्याने ऐकता. तालमीत तिच्यासमोर तीस गळे असतात. सारख्या जोराने गाणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली की एकूण आवाज साधारण ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एकाच्या तुलनेत ३२ जणांचा आवाज सुमारे १५ डेसिबल जास्त होतो. घरच्या खुर्चीत बसून ठरवलेलं प्रमाण या गर्दीत टिकत नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचं कारण असं की पेटी आणि गळा एकाच सप्तकात वावरतात. काळी एक या पट्टीतला मधला सा सुमारे २७७ हर्ट्झचा असतो, आणि बायकांचं गाणं बरंचसं त्याच परिसरात असतं. सारख्याच उंचीचे दोन आवाज एकत्र आले की मोठा आवाज लहान आवाजाला गिळतो. पेटीचा आवाज नुसता वाढवून हे सुटत नाही, कारण मग गळेही चढतात. रेकॉर्ड करतानाच चाल एक सप्तक वर वाजवा, किंवा पेटीवर संपूर्ण चालीऐवजी ओळीच्या सुरुवातीचे आणि ठहरावाचे सूर ठळक ठेवा. वरच्या सप्तकातली पेटी कमी आवाजातही गळ्यांच्या वरून निथळ ऐकू येते.

तबल्याचंही तसंच. गर्दीतून कानापर्यंत पोचते ती चाटेवरची (उजव्या तबल्याच्या काठावरची) 'ना', डग्ग्याचा घुमार नव्हे. सम हरवत असेल तर पूर्ण तबला वाढवू नका. इक्वलायझरमध्ये (उंच-खालचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास तबल्याला २–३ डेसिबल द्या आणि पुन्हा गाऊन बघा.

रेकॉर्ड करताना लेव्हल किती ठेवावी?

डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छत. त्याच्या वर जागाच नाही. आवाज छताला लागला की लाटेचं डोकं कापलं जातं आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर कमी केला तरी फाटलेलाच राहतो. म्हणून सर्वांत जोरकस भाग, म्हणजे तिहाई किंवा शेवटचं धृवपद, आधी वाजवून बघा आणि त्या वेळी काटा उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहील अशी लेव्हल लावा.

'फारच हळू रेकॉर्ड झालं' ही भीती बाळगू नका. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर नंतर १० डेसिबल वाढवूनही खरखर येत नाही. खरखर आली तर ती खोलीची, पंख्याची किंवा फ्रिजची असते.

फोनवर रेकॉर्ड केलेलं चालतं का?

चालतं. आमचे पहिले कित्येक ट्रॅक फोनवरचेच होते. फक्त फोन पेटीच्या भात्याजवळ ठेवू नका. भात्याची हवा आणि पट्ट्यांची टकटक सुरापेक्षा मोठी येते. पेटीच्या समोर, दोन ते तीन फुटांवर, चारपदरी चादरीवर फोन ठेवा.

खरी अडचण फोनच्या आपोआप लेव्हल जुळवण्याच्या सवयीची आहे. तुम्ही दोन ओळींमध्ये थांबलात की फोन स्वतःच आवाज वाढवतो, तानपुरा अचानक फुगतो आणि पेटी सुरू होताच पुन्हा दबतो. ऐकणाऱ्याला कुणीतरी बटण फिरवतंय असं वाटतं. लेव्हल हाताने लावता येईल असं रेकॉर्डिंगचं ॲप घ्या आणि त्यात ही सोय बंद करा. व्हॉट्सॲपचं व्हॉइस नोटचं बटण तर या कामाला कधीच वापरू नका.

पेटी, तबला आणि तानपुरा यांचं आपसातलं प्रमाण काय?

शक्य असेल तर तिन्ही वेगवेगळे रेकॉर्ड करा. एकत्र रेकॉर्ड केलेलं नंतर सोडवता येत नाही. तानपुऱ्याचं ॲप आधी, त्यावर हेडफोन लावून पेटी, आणि पेटी ऐकत तबला, असा आमचा क्रम असतो. तबला चढवतानाच त्याच पट्टीत लावलेला असावा. चाटेचा सूर जरासा जरी सरकलेला असेल तरी तो आवाज कितीही कमी केला तरी बोचतो.

मी पेटीला आधार मानते. तिच्यापेक्षा तबला ३–४ डेसिबल खाली आणि तानपुरा १० ते १२ डेसिबल खाली ठेवून सुरुवात करते. हे माझ्या पेटीचे आणि आमच्या हॉलचे आकडे आहेत. तुमची पेटी दुहेरी सुरांची असेल तर ती आधीच भारदस्त येईल आणि तबल्याला थोडं वर आणावं लागेल. तानपुरा मात्र 'ऐकू येतोय' असं वाटलं की जास्तच झाला समजा. तो बंद केल्यावर काहीतरी गेलं असं जाणवलं पाहिजे, इतकाच हवा.

तालमीचा ट्रॅक आणि कार्यक्रमाचा ट्रॅक हे दोन वेगळे ट्रॅक असतात हेही इथेच सांगते. पहिल्या दोन आठवड्यांत चाल पाठ व्हायची असते, तेव्हा पेटीवरची चाल पुढे हवी. तिसऱ्या आठवड्यापासून तीच चाल ६ डेसिबल खाली आणते. शेवटच्या आठवड्यात चाल काढून फक्त आधाराचे सूर ठेवते. ६ डेसिबल म्हणजे लाटेची उंची जवळजवळ निम्मी. कानाला मात्र ती निम्मी वाटत नाही, 'जरा मागे गेली' एवढंच वाटतं. त्यामुळे कुणाला आधार काढल्याचा धक्का बसत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, पण रोज खटकणारी : सुरुवातीला मात्रा मोजायच्या टाळ्या किंवा ठेक्याचं एक आवर्तन असतं ते पुढच्या गाण्यापेक्षा मोठं ठेवू नका. मोठ्या टाळ्यांनंतर लोक पहिली ओळ त्याच जोरात उचलतात.

सगळे ट्रॅक 'नॉर्मलाइज' केले, तरी एक मोठा आणि एक हळू का वाजतो?

कारण नॉर्मलाइज फक्त सर्वांत उंच टोक बघतं. एखाद्या अभंगात तबल्याची एकच कडक थाप उणे १ पर्यंत गेली असेल तर ट्रॅक 'पूर्ण भरला' असं सॉफ्टवेअर समजतं, मग बाकीची पेटी कितीही हळू असो. दुसऱ्या गाण्यात संथ कीबोर्ड सतत वाजत असेल तर त्याचं टोक तेवढंच, पण कानाला तो दुप्पट भरलेला वाटतो.

कानाला जाणवणारी सरासरी मोजायची तर एलयूएफएस हे माप वापरा. युरोपातल्या प्रसारण संस्थांनी २०१० मध्ये उणे २३ एलयूएफएस ही पातळी ठरवली, ती यासाठीच : कार्यक्रम बदलला की प्रेक्षकाला रिमोट उचलावा लागू नये. आपल्या तालमीतही तेच हवं आहे. ऑडॅसिटीत 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' नावाचा परिणाम आहे. सगळी गाणी त्यातून एकाच आकड्यावर आणा. मी उणे २० वापरते. उणे २३ वर लहान ब्लूटूथ स्पीकर कमी पडतो आणि उणे १४ वर तबल्याची टोकं छताला लागतात.

एक सापळा आहे, मी त्यात पडले आहे. मोनो फाइल आणि स्टिरिओ फाइल या मापात वेगळ्या मोजल्या जाऊ शकतात, आणि मग आकडा सारखा असूनही प्रत्यक्षात ३ डेसिबलचा फरक पडतो. तालमीचे सगळे ट्रॅक एकाच प्रकारचे ठेवा. एकच स्पीकर असेल तर सगळे मोनो करा, म्हणजे प्रश्नच मिटतो.

एकाच गाण्यात अंतऱ्यात पेटी दबते आणि धृवपदात उसळते. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) लावू का?

आधी हाताने जुळवा. ऑडॅसिटीतल्या एन्व्हलप साधनाने ओळीगणिक आवाज वर-खाली करता येतो. चार मिनिटांच्या गाण्याला वीस मिनिटं लागतात, पण कुठे काय हवं हे तुम्हालाच माहीत असतं. भाता कमी पडल्यामुळे एखादी ओळ हळू आली आहे की तिथे मुद्दाम हळू वाजवलंय, हे कॉम्प्रेसरला कळत नाही.

त्यानंतरही उरलंच तर पेटीपुरता हलका कॉम्प्रेसर लावा, २:१ किंवा फार तर ३:१. पूर्ण मिश्रणावर लावलात तर तबल्याच्या प्रत्येक थापेबरोबर तानपुरा खाली-वर श्वास घेऊ लागतो. एखादी थापच फार वर जात असेल तर तेवढीच निवडून ४ डेसिबल उतरवा.

मग गाण्यातले चढउतार सपाट करायचे का?

साथीतले थोडे कमी करावेत, गाण्यातले नाहीत. ट्रॅक फार चढउताराचा असेल तर हळू जागी साथ गळ्यांखाली जाते आणि नेमक्या त्याच जागी सूर उतरतो. हळू गायचं आहे हे हाताने दाखवणारा माणूस समोर उभा असतो, ते काम ट्रॅकवर टाकू नये.

पंख्याची घरघर काढायला नॉइज रिडक्शन वापरलं, तर तानपुराच विचित्र झाला.

नॉइज रिडक्शन एकसारखा चालणारा आवाज शोधून काढतं, आणि तानपुरा तर एकसारखाच चालतो. त्यामुळे जव्हारीची झणक जाते आणि पाण्याखाली वाजल्यासारखा आवाज येतो. पेटीच्या ट्रॅकवर हलक्या हाताने वापरा, तानपुऱ्यावर अजिबात नको. सर्वांत चांगला उपाय म्हणजे दहा मिनिटं पंखा बंद करून रेकॉर्ड करणं. मे महिन्यात जड जातं, तरी करा.

स्पीकर कुठे ठेवावा?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पातळीच्या निम्म्या तक्रारी खरं तर जागेच्या असतात.

स्पीकर पहिल्या रांगेच्या पायाशी ठेवायची आपल्याकडे सवय आहे. समजा पहिली रांग स्पीकरपासून १ मीटरवर आहे आणि शेवटची ३ मीटरवर. उघड्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो, त्या हिशेबाने या दोन रांगांत सुमारे साडेनऊ डेसिबलचा फरक पडतो. पुढच्यांच्या कानठळ्या बसतात आणि मागच्यांना सम कळत नाही. तोच स्पीकर २ मीटर मागे न्या. आता पहिली रांग ३ मीटरवर आणि शेवटची ५ मीटरवर. फरक साडेचार डेसिबलच्या आत येतो. हॉलच्या भिंतींमुळे प्रत्यक्षात तो आणखी कमी होतो. एका पैशाचा खर्च नाही.

उंचीही बघा. जमिनीवरचा स्पीकर पुढच्यांच्या गुडघ्यांवर वाजतो. एखाद्या टेबलावर खुर्ची ठेवून त्यावर ठेवा, उभ्या माणसाच्या डोक्याच्या किंचित वर. कोपऱ्यात नको, कोपऱ्यात डग्गा फुगतो आणि बोल गढूळ होतात.

आवाज फोनवरून वाढवावा की स्पीकरवरून?

फोन ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा आणि बाकी सगळं स्पीकरवरून करा. फोन अर्ध्यावर आणि स्पीकर पूर्ण, असं केलं की स्पीकरची सूं सूं वाढते. दोन ब्लूटूथ स्पीकर दोन बाजूंना लावू नका. दोघांचा उशीर वेगळा असेल तर ठेका दोनदा ऐकू येतो. दोन हवेच असतील तर वायरने जोडा. आणि फोन 'विमान' स्थितीत ठेवा, तालमीच्या मधेच कुणाच्या तरी मामांचा फोन पूर्ण आवाजात वाजतो.

वरचा आणि खालचा सूर वेगवेगळा पाठ करायचा आहे. ट्रॅक कसे करावेत?

प्रत्येक गटासाठी स्वतंत्र फाइल करा. त्यात त्यांचा सूर पुढे आणि दुसऱ्यांचा ६ ते ८ डेसिबल मागे. दुसरा सूर पूर्ण बंद करू नका. एकट्याने पाठ केलेला सूर एकत्र गाताना पहिल्याच ओळीत दुसऱ्याकडे घसरतो.

काही जण एक सूर डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात ठेवतात. हेडफोनवर हे फार उपयोगी आहे, आणि ज्यांना हळूहळू आधार सोडायचा आहे ते एका कानातला हेडफोन काढून गाऊ शकतात. पण हीच फाइल तालमीत एका स्पीकरवर लावली की दोन्ही सूर सारखेच होतात. फाइलच्या नावातच 'हेडफोन' असं लिहा.

मोबाइलवर डग्गा ऐकूच येत नाही अशी तक्रार येते.

येणारच. डग्ग्याचा घुमार १०० हर्ट्झच्या आसपासचा, आणि मोबाइलचा चिमुकला स्पीकर तिथे जवळजवळ मुका असतो. म्हणून मिश्रणात बास वाढवू नका, हॉलमधल्या स्पीकरवर सगळं बदबदेल. त्याऐवजी प्रत्येक ट्रॅक एकदा मोबाइलच्या स्पीकरवर लावून बघा आणि फक्त चाटेवरून ताल कळतो का ते तपासा. भजनी ठेका असेल तर झांजेची एक बारीक ओळ घातलेली बरी. ती पेटीखाली ८ डेसिबल ठेवली तरी मोबाइलवर स्पष्ट येते.

पट्टी बदलल्यावर पातळी पुन्हा जुळवावी लागते का?

हो. सॉफ्टवेअरने पट्टी काळी एकवरून काळी दोनला नेली की लाटेची टोकं थोडी सरकतात. म्हणून पट्टी आधी बदला, लाउडनेस सर्वांत शेवटी जुळवा. एक-दोन सुरांपलीकडे तबला सरकवला तर तो डबा वाजवल्यासारखा येतो, तेव्हा तेवढा नव्याने रेकॉर्ड करावा.

व्हॉट्सॲपवर पाठवताना काय करावं?

फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एमपी३ असेल तर १९२ किंवा त्याहून जास्त केबीपीएस ठेवा आणि सर्वांत उंच टोक उणे १ वर थांबवा, कारण एमपी३ करताना टोकं किंचित वाढू शकतात.

आमचं मंडळ परदेशात आहे, तालीम झूमवर होते.

झूमची आवाज गाळण्याची सोय तानपुऱ्याला गोंगाट समजते आणि काही सेकंदांत पुसून टाकते. संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड' चालू करा आणि ट्रॅक माइकसमोर न वाजवता संगणकाचा आवाज थेट शेअर करून लावा. उशिरामुळे सगळ्यांना एकत्र गाता येत नाही, तेव्हा बाकीच्यांनी माइक बंद करून आपापल्या घरी गायचं. इथे ट्रॅक हॉलपेक्षा मोठा चालतो, कारण प्रत्येकाच्या खोलीत गळा एकच असतो.

गट ट्रॅकवर किती अवलंबून आहे हे कसं ओळखावं?

यासाठी मी प्रत्येक गाण्याची एक 'गाळलेली' फाइल करते. दुसऱ्या अंतऱ्यात एन्व्हलपने पेटी आणि तबला चार आवर्तनं पूर्ण बंद करते. पुढच्या समेवर दोन्ही एकदम न आणता एका आवर्तनात हळूहळू वर येतात. ती चार आवर्तनं तानपुराही बंद असतो. गट गात राहतो, आणि पेटी परत आली की सगळ्यांना एकाच क्षणी कळतं, आपण कुठे आहोत.

पहिल्यांदा बहुतेक गट उतरलेले असतात, लयही बरेचदा पुढे पळालेली असते. पेटी हळूहळू परत आणायची ती यासाठीच. एकदम पूर्ण आवाजात आली तर लोक चमकून तिच्यावर उडी मारतात आणि किती उतरलो होतो ते ऐकायचं राहून जातं. आमच्या गटाला चारवरून आठ आवर्तनांपर्यंत जायला एक पावसाळा लागला. या वर्षी दोन गाणी अशी आहेत की त्यांच्या तालमीला मी स्पीकर नेते, पण त्यावर फक्त पहिला सा वाजवते.